पाऊस थांबला, तरी मैदान बंद का?

‘सांताक्रूझला किती झाला?’ पावसाळ्यातल्या कुठल्याही सकाळी मुंबईत हा प्रश्न कानावर पडला, तर तो कशाबद्दल आहे हे कुणाला सांगावे लागत नाही. आदल्या दिवशीच्या सकाळी साडेआठपासून आजच्या साडेआठपर्यंत विमानतळाजवळच्या वेधशाळेतल्या पर्जन्यमापकात जमलेले पाणी म्हणजे उपनगरांचा पाऊस. २९ ऑगस्ट २०१७च्या पावसाचा आकडा ३३१ मिलिमीटर होता. २ जुलै २०१९च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत तो ३७५ होता. आणि २६ जुलै २००५चा आकडा तर मुंबईकरांना पाठच आहे : ९४४. त्याच चोवीस तासांत जेमतेम वीसेक किलोमीटरवरच्या कुलाब्याला ७५ मिलिमीटरही पाऊस झाला नव्हता.

मिलिमीटर हा शब्द मात्र फसवा आहे. ऐकायला तो पट्टीवरच्या बारीक रेघेएवढा वाटतो. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे एक लिटर पाणी पडले. गोल्फच्या मैदानावर ज्या गुळगुळीत हिरवळीत झेंड्याची काठी आणि भोक असते, तिला ‘ग्रीन’ म्हणतात. साधारण ग्रीन पाचशे चौरस मीटरचे धरले, तर २६ जुलैच्या पावसाने अशा एका ग्रीनवर चार लाख ७२ हजार लिटर पाणी ओतले असते. दहा हजार लिटरचे सत्तेचाळीस टँकर. अशी ग्रीन एका मैदानात अठरा असतात आणि ती सगळी मिळून मैदानाचा अगदी छोटा भाग व्यापतात.

सांताक्रूझला अठरा होलचे गोल्फ मैदान नाही. पण सांताक्रूझ-चेंबूर लिंक रोडने पूर्वेला गेले, की चेंबूरला १९२७ सालापासूनचे बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबचे मैदान आहे. शहरात ताडदेवला १९१८चा विलिंग्डन क्लब आहे, कुलाब्याला लष्कराच्या हद्दीत युनायटेड सर्व्हिसेस क्लबचे मैदान आहे आणि खाडीपलीकडे खारघरच्या डोंगरांच्या कुशीत सिडकोने केलेले मैदान आहे. यांतल्या कुठल्याही मैदानावर पाय ठेवण्याची वेळ बहुतेक वाचकांवर येणार नाही. तरीही गोल्फच्या हिरवळीची गोष्ट ऐकण्यासारखी आहे, कारण गवत, पाणी आणि माती यांच्या भांडणाचा जितका बारकाईने अभ्यास या खेळासाठी झाला, तितका दुसऱ्या कुठल्या हिरवळीसाठी क्वचितच झाला असेल. सोसायटीची बाग, शाळेचे मैदान आणि गॅलरीतली कुंडी यांनाही तेच नियम लागू पडतात. (मुंबईत हल्ली ‘टर्फ’ म्हटले, की जाळी लावलेले प्लास्टिकचे गवत डोळ्यांपुढे येते. इथे बोलायचे आहे ते जिवंत गवताबद्दल.)

हे गवत आपल्याला परके नाही. उष्ण प्रदेशातल्या गोल्फ मैदानांवर ‘बर्म्युडा ग्रास’ या इंग्रजी नावाने जे मिरवते, ते म्हणजे आपली हरळी. तिच्याच कोवळ्या पात्यांना आपण दूर्वा म्हणतो आणि भाद्रपदात गणपतीला वाहतो. शेतकरी मात्र हरळीला वैतागलेला असतो. कितीही खणली, तरी जमिनीत राहिलेल्या एखाद्या कांडीतून ती पुन्हा उठते. नेमका हाच गुण मैदानाला हवा असतो. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन गावी ग्लेन बर्टन या शास्त्रज्ञाने ही हरळी आणि तिची आफ्रिकेतली एक नाजूक बहीण यांचा संकर करून टिफग्रीन (१९५६), टिफवे (१९६०) आणि टिफड्वार्फ (१९६५) अशी वाणे पुढे आणली. पाते बारीक, वाढ दाट आणि बी मुळीच नाही. केळीसारखेच हे गवत वांझ असल्याने ते बियांनी पेरता येत नाही, कांड्या रोवूनच लावावे लागते. त्यामुळे एक ग्रीन मेले, तर दुकानातून बियांची पिशवी आणून भागत नाही.

अशी चिवट हरळी पावसाने मरते तरी कशी? पाणी साचले म्हणून ‘गवत बुडाले’ असे आपण म्हणतो, आणि गंमत म्हणजे ते अक्षरशः खरे आहे. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. चांगल्या मातीत कणांच्या मधल्या पोकळ्यांपैकी काहींत पाणी असते आणि काहींत हवा. मुसळधार पावसात सगळ्याच पोकळ्या पाण्याने भरतात. पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट हळू पसरतो. मातीत आधी होता तो ऑक्सिजन मुळे आणि मातीतले जीवाणू मिळून एक-दोन दिवसांत संपवतात. मग मुळे उपाशी पडतात, त्यांची टोके काळी पडून कुजू लागतात. वर पाते हिरवेगारच दिसत असते.

शिवाय पाण्याचे तापमान. सलग आठ दिवस ढगाळ आहे, पाऊस कोसळतो आहे, पाणी गार आहे, तेव्हा हरळी बुडूनही बराच काळ तग धरते. धोका असतो तो पावसाने उघडीप दिल्यावर. खोलगट जागेत दोन बोटे पाणी साचलेले आहे आणि वर लख्ख ऊन पडले, तर ते उथळ पाणी भराभर तापते. तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन आणखी कमी राहतो आणि गवताची श्वासाची गरज मात्र वाढलेली असते. काही तासांत तिथले गवत उकडल्यासारखे पिवळट तपकिरी होते. श्रावणातला ऊन-पावसाचा खेळ कवींना कितीही प्रिय असो, मैदानाच्या माळ्याला तो आवडत नाही. म्हणून पाऊस थांबल्यावर त्याचे पहिले काम असते उन्हाच्या आधी साचलेले पाणी हलवण्याचे. रबरी पात्याच्या लांब दांड्यांनी ते ढकलायचे, छोटे पंप लावायचे, कुठे हाताने चर मारून द्यायचा. क्रिकेटच्या थेट प्रक्षेपणात दिसणारा पाणी शोषणारा तो जाडजूड रूळ, सुपर सॉपर, सगळीकडे चालत नाही. जमीन मऊ असेल, तर त्याच्या वजनानेच नुकसान व्हायचे.

ग्रीनचे पाणी लवकर ओसरते, कारण ग्रीन म्हणजे मातीचा तुकडा नसतो. ती एक बांधलेली वस्तू असते. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने १९६० साली तिची जी कृती छापली, तीच थोड्याफार फरकाने आज जगभर वापरतात. सर्वांत खाली सच्छिद्र नळ्यांचे जाळे, त्यावर सुमारे दहा सेंटिमीटर बारीक खडी, त्यावर तीस सेंटिमीटर निवडलेली वाळू आणि त्या वाळूत गवत. वाळूचे बहुतेक कण पाव ते एक मिलिमीटरच्या दरम्यानचे हवेत. खाडीची रेती चालत नाही, तिच्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुरा असतो. फार बारीक वाळू पाणी धरून बसते आणि फार जाड वाळू पायाखाली सरकते. ही वाळू ताशी दीडशे मिलिमीटर पाणी आत घेऊ शकेल, अशी अपेक्षा असते. शिवाय तिच्या पोकळ्यांत हवेची जागा साधारण पाचवा हिस्सा धरली, तर नळीतून एक थेंबही बाहेर न जाता सुमारे साठ मिलिमीटर पाऊस तिच्यात मावतो.

या आकड्याशेजारी मुंबईचा आकडा ठेवून पाहावा. शहराची जुनी पर्जन्यजलवाहिन्यांची रचना ताशी पंचवीस मिलिमीटर पावसासाठी होती, तीही समुद्राला ओहोटी असताना. २००५ नंतर जोर धरलेल्या ‘ब्रिमस्टोवॅड’ प्रकल्पात ती क्षमता ताशी पन्नासवर नेण्याचे ठरले. म्हणजे चांगले बांधलेले ग्रीन शहराच्या गटारांपेक्षा तिपटीने तयारीत असते. तरीही २६ जुलैच्या दुपारी सांताक्रूझला एका तासात १९० मिलिमीटर पडले, तेव्हा असे ग्रीनसुद्धा तुंबले असते. आणि ग्रीनखालच्या नळ्यांचे पाणी शेवटी जाते कुठे? बाहेरच्या नाल्यातच. भरतीच्या वेळी नालाच उलटा फुगला, तर जगातली सर्वोत्तम वाळूही काही करू शकत नाही.

ग्रीनच्या या रचनेत एक कोडे आहे. वाळूखाली खडी घातली, की पाणी भरकन खाली जाईल असे कुणालाही वाटते. प्रत्यक्षात बारीक कणांतून जाड कणांत पाणी सहजासहजी उतरत नाही. बारीक पोकळ्या पाणी धरून ठेवतात. त्यांच्या वरचा थर पुरेसा भरून जड होईपर्यंत ते खडीत सुटत नाही. स्वयंपाकघरातल्या भांडी घासायच्या स्पंजवर हा प्रयोग दोन मिनिटांत होतो. स्पंज पाण्यात बुडवून ताटलीवर आडवा धरा. ठिबकणे थांबले, की तो न पिळता नुसता उभा करा. पुन्हा पाणी गळू लागेल. स्पंज तोच, पाणी तेच, फक्त पाण्याच्या स्तंभाची उंची वाढली. ग्रीनमधली तीस सेंटिमीटरची उंची याच हिशेबाने ठरली आहे. वरची वाळू हवेशीर राहते, तळाशी ओलाव्याचा पट्टा उरतो, आणि तोच पट्टा मार्च-एप्रिलच्या उन्हात मुळांना उपयोगी पडतो.

कुंडीच्या तळाशी विटांचे तुकडे, खापऱ्या यांचा जाड थर घालण्याची आपल्याकडे रीत आहे. ‘पाणी छान निथळते’ असे म्हणतात. स्पंजाचा नियम पाहिला, तर त्या थराने ओला पट्टा नाहीसा होत नाही, तो फक्त वर सरकतो, मुळांच्या आणखी जवळ. भोकावर माती वाहून जाऊ नये म्हणून एक खापरी पुरते.

आता ग्रीन सोडून बाकीच्या मैदानाकडे यावे. ग्रीनपर्यंत जाणाऱ्या लांब हिरव्या पट्ट्याला फेअरवे म्हणतात, आणि तो साध्या मातीवर असतो. वाळूचा एवढा थर शेकडो मीटर लांबीच्या पट्ट्यांवर घालणे कुठल्याच क्लबाला परवडत नाही. मुंबईत ही माती कुठे कातळावरचा मुरूम असते, तर कुठे भरावाची, खाली खाडीच्या चिकणमातीची. तिच्यात पाणी मुंगीच्या पावलांनी उतरते. इथेच मैदान राखणाऱ्याची खरी परीक्षा असते आणि तिच्यात यंत्रांपेक्षा माणसांना थोपवण्याचे काम मोठे असते.

कोकणातल्या भातशेतीत पाहिलेली चिखलणी आठवावी. लावणीआधी शेतकरी पाण्याने भरलेल्या खाचरात नांगर फिरवतो, गुडघाभर चिखलात गुठा ओढतो. उद्देश एकच : मातीची घडण मोडायची, तिच्या पोकळ्या बुजवायच्या, म्हणजे पाणी खाली न मुरता खाचरात उभे राहील. भाताला तेच हवे असते. ओल्या फेअरवेवरून माणसे चालतात, बॅटरीवरच्या बग्ग्या फिरतात, गवत कापायचे यंत्र जाते, तेव्हा अगदी हीच चिखलणी होते, फक्त नको त्या जागी. कोरड्या मातीचे कण एकमेकांना टेकून वजन पेलतात. पाण्याने भरलेल्या मातीत तेच कण एकमेकांवरून घसरतात आणि पोकळ्या दबून बंद होतात. पाऊस मातीतली हवा दोन दिवसांसाठी घालवतो. ओल्या मातीवर पडलेला पाय ती पुढच्या कित्येक महिन्यांसाठी घालवतो.

त्यामुळे मोठ्या पावसानंतर मैदान उघडायचे की नाही, हा निर्णय दिसतो तितका साधा नसतो. आकाश निवळलेले असते, लांबून हिरवळ ताजी टवटवीत दिसते, वर्गणी भरलेले सदस्य सुट्टीच्या सकाळी बूट घालून हजर असतात आणि मैदानाचा मुख्य माळी ‘आज नाही’ म्हणत असतो. हे ‘नाही’ म्हणण्याचे बळ त्याला मिळते का, यावर पुढच्या मोसमाचे गवत ठरते. त्याची परीक्षा मोजमापाच्या यंत्राशिवायही होते. सर्वांत सखल जागी जाऊन टाच टेकवायची. बुटाच्या कडेने पाणी वर आले, तर मैदान बंद. पाणी आले नाही, पण टाचेचा ठसा राहिला, तर चालत खेळायला हरकत नाही, बग्गी मात्र डांबरी वाटेवरच. मजेची गोष्ट अशी, की गोल्फचा नियमही जवळपास हेच सांगतो. उभे राहण्यापूर्वी किंवा राहिल्यावर, पाय मुद्दाम न दाबता, पायाशी पाणी दिसले, तर ते ‘तात्पुरते पाणी’ समजून खेळाडूला दंडाशिवाय चेंडू उचलून दुसरीकडे ठेवता येतो. २०१९च्या आधी नियमात याला ‘कॅज्युअल वॉटर’ म्हणत. नियम खेळाडूची सोय पाहतो. गवताला मात्र तिथून त्या खेळाडूनेच दूर जायला हवे असते.

पाण्याबरोबर गाळ आला असेल, तर गोष्ट वेगळी. नाला किंवा नदी काठ सोडून मैदानात शिरली, की तिचे पाणी ओसरल्यावर मागे मऊ राखाडी साय उरते. तिचे कण वाळूच्या शेकडो पट बारीक असतात. दोन-तीन मिलिमीटरचा थरही वाळूच्या ग्रीनचे तोंड मेण लावल्यासारखे बंद करतो. तो वाळू द्यायचा नसतो. ओला असतानाच जाड असेल तिथे फावड्याने अलगद खरवडायचा आणि उरलेला स्वच्छ पाण्याने धुऊन काढायचा. एवढा पाऊस पडून गेल्यावर पुन्हा पाण्याची नळी घेऊन मैदान धुणारा माळी पाहून येणारे-जाणारे हसतात. हे काम टाळून गाळावरच वाळू टाकली, तर तो थर आत गाडला जातो. त्याच्याखाली हवा पोहोचत नाही आणि ऑक्सिजनवाचून जगणारे जीवाणू तिथे हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करू लागतात. जमिनीचा तुकडा कापून वर काढला, की सडक्या अंड्यांचा वास येतो आणि आत काळा पट्टा दिसतो.

पावसाळ्यातल्या हिरवेपणावर एकूणच फार विश्वास ठेवू नये. हरळी उन्हाची भुकेली. मका आणि उसाप्रमाणे तिची प्रकाशसंश्लेषणाची पद्धत कडक उन्हासाठी घडलेली आहे. जुलैत मुंबईत कित्येक दिवस सूर्य धड दिसत नाही. अशा वेळी पाती उन्हाच्या शोधात लांब आणि लेचीपेची होतात, साठवलेली साखर खर्च होते, मुळे उथळ राहतात. एरवी ग्रीनचे गवत तीन-चार मिलिमीटरपर्यंत कापतात, म्हणजे दोन-तीन रुपयांची नाणी एकावर एक ठेवल्यावर होते तेवढे. पावसाळ्यात तेच कापत राहिले, तर उरलेसुरले अन्न बनवणारे पातेही जाते. म्हणून यंत्राचे पाते वर घ्यायचे आणि एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचे नाही. चार दिवस कापणी चुकली, तरी एकदम खाली उतरवायचे नाही. चेंडू थोडा हळू घरंगळतो, सदस्य कुरकुरतात. कुरकुरू द्यावे.

पिवळटपणा दिसला, की युरियाचे पोते फोडण्याचा मोह होतो. पाणी साचलेल्या मातीत नत्राचा काही भाग झिरपून जातो, काही भाग जीवाणू वायूत बदलून हवेत सोडतात. त्यामुळे गवत खरोखरच भुकेले असते. पण मुळे कुजलेली असताना भरमसाट खत घातले, तर ते घेणार कोण? पुढची सर आली, की ते नाल्यातून खाडीत. जे थोडे लागू पडते, त्याने पाती आणखी कोवळी होतात आणि बुरशीला आयते ताट मिळते. उबदार दमट रात्री ‘पिथियम’ हा बुरशीसारखा जीव एका रात्रीत गवताचे तेलकट काळसर चट्टे पाडतो आणि वाहत्या पाण्याच्या, यंत्राच्या चाकांच्या रेषेने पसरतो. यावर जुना, बिनखर्चाचा उपाय म्हणजे पहाटे लांब लवलवता बांबू ग्रीनवरून फिरवून पात्यांवरचे दव झाडणे. पाते जितका कमी वेळ ओले, तितकी बुरशीला संधी कमी. खत द्यायचेच तर चिमूटचिमूट, मुळे पांढरी दिसू लागल्यावर. याच दिवसांत पाणथळ जागी हरळीला हटवून लव्हाळा माजतो. पुरात लव्हाळा टिकतो हे तुकोबांच्या काळापासून प्रसिद्ध आहे. मैदानावर मात्र त्याचा तोच गुण नडतो.

या सगळ्या कामात सर्वांत आधी पाण्यात उतरतो तो माळी. पावसाळ्यात मुंबईतल्या किती तरी बागा आणि मैदानांवर ही माणसे अनवाणी किंवा रबरी चपलांवर दिसतात. गवताच्या मुळांची काळजी जितक्या शास्त्रशुद्ध पद्धतीने घेतली जाते, तितकी या पायांची घेतली जात नसेल, तर त्या शास्त्राचे काय कौतुक करायचे? उंदरांच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात उतरणारे लेप्टोस्पायरा जीवाणू पायाच्या भेगांतून, खरचटलेल्या त्वचेतून शरीरात शिरतात. २००५च्या पुरानंतर मुंबईने लेप्टोस्पायरोसिसची मोठी साथ पाहिली. साधारण एक ते दोन आठवड्यांत, कधी त्याहून उशिरा, ताप येतो, पोटऱ्या विलक्षण दुखतात, डोळे लाल होतात. दुर्लक्ष झाले, तर कावीळ होते, मूत्रपिंडे आणि फुप्फुसेही धोक्यात येतात. साचलेल्या पाण्यातून चालावे लागले, तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, असे महापालिका दर पावसाळ्यात सांगते. डॉक्सिसायक्लिन हे प्रतिबंधक औषध डॉक्टरांनी सांगितले तरच घ्यायचे. गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांना ते चालत नाही. गमबूट, हातमोजे, काम संपल्यावर साबणाने पाय धुण्याची सोय आणि जखम असलेल्याला त्या दिवशी पाण्यात न उतरवणे, एवढे तरी नेमाने व्हावे. डबक्यात हात घालून चेंडू काढून देणाऱ्या कॅडीलाही हे लागू आहे. चेंडू विकत मिळतो.

डासांचा हिशेबही इथलाच. आपल्याकडच्या उकाड्यात अंड्यापासून उडणारा डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात. दोन-तीन दिवसांत निचरा होणारे मैदान डासांना पुरत नाही. बग्गीच्या चाकाने पडलेली, आठ-आठ दिवस पाणी धरून ठेवणारी चाकोरी मात्र पुरते.

मोसमी पाऊस मुंबईतून परतण्याची सरासरी तारीख आता ८ ऑक्टोबर धरतात. पूर्वी ती २९ सप्टेंबर होती, २०२० साली हवामान विभागाने ती बदलली. म्हणजे गवताला सावरायला मिळणारे दिवस कमी झाले. ऑक्टोबरची होरपळ माणसांना नकोशी असते, हरळीला मात्र तीच हवी असते : ऊन आणि ऊब, दोन्ही भरपूर. थंडी पडून वाढ मंदावण्यापूर्वी याच काही आठवड्यांत पोकळ दातांचे यंत्र ग्रीनवरून फिरवतात. बोटाएवढ्या जाडीची, आठ-दहा सेंटिमीटर लांबीची मातीची हजारो नळकांडी उपसून वर येतात आणि त्या भोकांत कोरडी वाळू झाडूने भरतात. दबलेल्या जमिनीला पुन्हा हवेच्या वाटा मिळतात. दोनेक आठवडे ग्रीनवर देवीचे व्रण असल्यासारखे दिसते, चेंडू उड्या मारतो आणि सदस्यांची नाराजी पुन्हा एकदा ऐकावी लागते.

उपसलेली नळकांडी फेकून देण्याआधी जाणता माळी त्यातली दोन-चार उचलून उभी मोडतो. वर ताज्या वाळूचा फिकट भाग असतो, त्यात पांढऱ्या मुळांचे जाळे. मग एखाद्या नळकांड्यात मध्येच काळी रेघ दिसते, नखाएवढ्या जाडीची. जुलैतल्या ज्या दिवशी गाळ न धुता वरून वाळू पसरली, त्या दिवसाची ती रेघ. तो ते नळकांडे नाकाजवळ नेतो आणि त्या जागेवर खूण करायला सांगतो. रेघेच्या खाली एकही मूळ उतरलेले नसते.